खालचा अर्धा

हितेंद्रने पुण्याहून फोनवर यादी पाठवली:
मोका पॉट, फ्रेंच प्रेस, बगळ्याच्या मानेची किटली,
आणि एक यंत्र, ज्याच्या किमतीत
आमच्या भुसावळात जुनी स्कूटर येते, कागदपत्रांसह.
"आत्या, यातलं एक निवड."

एकतीस वर्षं मी कॉलेजच्या रसायनशाळेत काढली.
निवडायच्या आधी पाणी तपासायचं, एवढं कळतं.

नळाचं पाणी तापीचं, बोअरचं त्याहून जड;
माठाच्या बुडाशी पांढरी खपली, नखानं निघत नाही.
ओट्यावर ब्युरेट उभी केली, थेंब मोजत बसले.
लालाचा निळा व्हायला इतके थेंब लागले
की सून दोनदा डोकावून गेली.
फिल्टरच्या मशीनचं पाणी घ्यावं, तर कॉफी मुकी.
शेवटी अर्धं हे, अर्धं ते.
यादीत पाण्याचं नावच नव्हतं.

मग दळण.
मिक्सरचं भांडं तीनदा घासलं, लिंबू चोळलं,
तरी पहिला घोट शेवभाजीचा.
काळा मसाला आमच्या बोटांना सोडत नाही
तर भांड्याला काय सोडणार?
हाताची चक्की आणली, मांडीत धरून फिरवायची.
एकशे ऐंशी वेढे. लापशीच्या रव्याहून बारीक,
शिऱ्याच्या रव्याहून जाड.

वजनाला निंबा बाविस्करांचा जुना काटा,
दुकान मुलाकडे गेल्यापासून पडून होता.
पंधरा ग्रॅम बिया ठेवल्या, तर चष्म्यावरून बघत म्हणाले,
"इतकुसं काय मोजू राह्यल्या, वहिनी?
आजच्या भावानं सोनं असतं तं..."
आणि वाक्य तसंच पारड्यात ठेवून
काट्याकडे बघत राहिले.

हे वेड खरं तर माझं नव्हे.
रेल्वे क्वार्टरात समोरच्या दारात सौंदरवल्ली राहायची,
नवरा मालगाडीवर गार्ड, येण्याजाण्याची वेळ नाही.
पहाटे साडेतीनला पितळी फिल्टरवर तिची थाप पडे,
ट्क, ट्क, आणि माझी झोप कूस बदले.
तिनं कधी काही मोजलं नाही.
एकदा मला ताप होता, तेव्हा फिल्टरचा खालचा डबाच
काढ्यासकट आणून दिला.
शेजारणीचं भांडं रिकामं कसं पाठवायचं?
केळीचे वेफर तळू म्हटलं, कच्ची केळी आणली,
तेवढ्यात बदलीचा हुकूम आला, ट्रक लागला,
मी कॉलेजात, प्रॅक्टिकलच्या परीक्षा.
वरचा, भोकांचा अर्धा गेला पोदनूरला.
खालच्यात बावीस वर्षं सुया, बटणं, एक परदेशी नाणं.

ते सगळं परवा ताटलीत ओतलं.
डबा चिंचेनं घासला.
तोंडावर काचेचं नरसाळं बसवलं,
निरोपाच्या दिवशी भिंतीवरचं घड्याळ नको म्हणून
मागून घेतलं होतं ते.
गाळणकागद: एक घडी, दुसरी घडी, शंकू.
हा हात झोपेतही विसरणार नाही.

मे महिन्यात इथं टाकीचं पाणी
दुपारीच अर्ध्या वाटेवर आलेलं असतं,
गॅसला फारसं काम नाही.
थर्मामीटर त्र्याण्णववर, आच बंद.
आधी थोडंसंच ओतायचं, मग थांबायचं.
भुकटी ताजी असेल तर भाकरीसारखी टम्म फुगते,
शिळी नुसती भिजते,
कुणी काही विचारलंच नाही अशी.

पहिला थेंब कोऱ्या पितळेवर पडला: टण्ण.
मग आवाज जाड होत गेला.

हितेंद्रचा फोन: "काय घेतलंस मग?"
चक्की तेवढी विकत, म्हटलं. बाकी घरातच होतं,
काही शेजारच्या घरातलं.

पोदनूरला तो वरचा अर्धा
एखाद्या स्टीलच्या पेल्यावर बसला असेल,
किंवा मोडीत गेला असेल. कसं कळणार?
माझ्याकडचा भरलाय आता,
परत द्यायच्या लायकीचा.

चव? थोडी आंबट राहिली.
उद्या चक्की एक खाच आवळून बघते.